दहा मिनिटं समोरासमोर

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगाल ते लिहून देणारं चॅटजीपीटी आलं आणि महाविद्यालयांनी पहिली धाव घेतली ती नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं. यंत्राच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखू यायचा, आणि माणसाचा ९ टक्के मजकूर ते यंत्राच्या नावावर टाकायचं. हे आकडे कंपनीचेच. म्हणजे २०० मुलांनी प्रामाणिकपणे निबंध लिहिले, तर त्यातली अठराएक फुकट चोर ठरणार. जुलैमध्ये ते साधन बंद झालं. पहाऱ्याची हौस मात्र अजून फिटलेली नाही.

त्यापेक्षा मुलांशी बोला. वर्गात ६० जण असतील तर प्रत्येकी दहा मिनिटांप्रमाणे दहा तास लागतात. कामाच्या दहा दिवसांत रोज एक तास. वेळ कुठून आणायचा? सत्रातला एक निबंध कमी करा. विद्यार्थ्यानं आपल्याच लेखनातला एक परिच्छेद वाचायचा आणि तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची: हे कशावरून म्हणतोस? लिहिताना काय खोडलंस? आणि हे चुकलं तर भोगणार कोण?

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. गप्पांची उलटतपासणी होते, आणि फाडफाड बोलणारा भाव खाऊन जातो. म्हणून प्रश्न आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बोलण्याच्या सफाईला शून्य गुण.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. नीतिशास्त्राचा वेगळा पेपर लावून हात झटकणं सोपं असतं; मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. हा प्रश्न रोजच्या विषयात विचारावा लागतो. समजा, कर्जाचे अर्ज मंजूर करणारा प्रोग्राम लिहायचा आहे. विद्यार्थी खुशीत सांगतो, ९० टक्के अचूक आहे. म्हणजे हजारांतले शंभर निर्णय चुकले. ते शंभर जण कोण? पत्त्याचा रकाना ठेवला असेल तर अख्खी गरीब वस्तीच नापास झालेली असू शकते. तो रकाना काढला तरी शाळेच्या नावावरून वस्तीचा अंदाज लागतोच.

‘रकाना आधीपासूनच होता, सर,’ असं उत्तर आलं तर गुण कापू नका. वस्तीनिहाय चुका मोजून आणायला सांगा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दहा मिनिटं द्या.