चिऊचं मेण, काऊचं शेण आणि पेलाभर पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, तो भिजत चिऊच्या दारात आला आणि चिऊनं त्याला ताटकळत ठेवलं. ही एवढीशी गोष्ट तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पंधरा दिवस पुरते. भाषा त्यातच, मोजणी त्यातच, विज्ञानही त्यातच. अंगणवाडीच्या ताई ऐकत असतील, बालवाडीच्या बाई ऐकत असतील, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा ऐकत असतील. तुमच्यासाठीच आजचं बोलणं आहे.

सुरुवात अशी करा. पहिले तीन दिवस नुसती गोष्ट सांगा. सात-आठ मिनिटं, हातात पुस्तक न घेता, मुलांच्या डोळ्यांत बघत. प्रश्न विचारू नका, तात्पर्य तर मुळीच सांगू नका. आणि तिन्ही दिवस शब्द तेच ठेवा. परत सांगते, शब्द तेच ठेवा. कारण तिसऱ्या दिवशी तुम्ही ‘चिऊताई, चिऊताई’ म्हणून थांबलात, की वर्ग एका सुरात ‘दार उघड’ म्हणतो. पुढचा शब्द आधीच ओळखणं ही पुढे वाचायला शिकण्याची तयारी असते. रोज शब्द बदलले तर मुलांना ओळखता कसं येणार? मोबाईलवरची गोष्ट मला म्हणूनच पटत नाही. ती मुलासाठी थांबत नाही, मूल मध्येच काही बोललं तरी पुढे निघून जाते. जेवताना तर मोबाईल समोर नकोच, पण तो विषय वेगळा.

चौथ्या दिवशी चित्रं काढा. बाळाची अंघोळ, अंग पुसणं, तीट-काजळ, अंगडं, झोप. एका पोस्टकार्डावर एक चित्र, ठळक रेघांचं. मागे झाडं, डोंगर, फुलं काढत बसू नका, मुलांचं लक्ष तिकडेच जातं. तीन वर्षांच्या मुलाला तीनच कार्डं द्या, पाच वर्षांच्या मुलाला पाचही. आधी काय झालं, मग काय झालं, तशी डावीकडून उजवीकडे मांडायला सांगा. मोजणीसाठी दारावरची टकटक घ्या. पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी दोन, असं पाचापर्यंत. एका टकटकीला एकच खडा पुढे सरकवायचा. तोंडानं दहा म्हणणारी मुलंही खडे सरकवताना घसरतात, कारण तोंड हाताच्या पुढे धावतं. म्हणून टकटक सावकाश करा. खडे सुपारीपेक्षा मोठे घ्या, चिंचोके नकोत. लहान मुलं ते तोंडात, नाकात घालतात.

आता घरं बांधू या. एका बालवाडीत घडलेलं सांगते, म्हणजे कृतीही कळेल आणि ती कुठे फसते तेही.

त्या ताईंनी चार पांढऱ्या मेणबत्त्या वितळवल्या, पण घरी. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पेट घेतं. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात लहान भांडं, त्या भांड्यात मेण. स्टीलच्या वाटीला आतून तेलाचं बोट फिरवून त्यात मेण ओतलं, वाटी गोल फिरवली, जास्तीचं मेण काढून घेतलं. असे तीन-चार थर. गार झाल्यावर वाटी थंड पाण्यात धरली की मेण सुटून येतं. पालथं घातलं, झालं चिऊचं घर. काऊच्या घरासाठी खराट्याच्या काड्यांचा तेवढाच सांगाडा आणि त्यावर बाहेरून बोटभर जाड ताजं शेण. दोन्ही घरांत कापसाचा एकेक बोळा ठेवला, तेच बाळ. कापूस महत्त्वाचा. घर टिकलं का, हा प्रश्न लहान मुलाला मोठा पडतो. कापूस ओला की कोरडा, हे ते हात लावून सांगतं.

महिना एप्रिलचा. घरं शुक्रवारी केली आणि खिडकीच्या पत्र्यावर ठेवली. प्रयोग झाला सोमवारी. ताईंनी आधी विचारलं, कुठलं घर टिकेल? ज्याला जे वाटतं त्यानं त्या घरापुढे खडा ठेवायचा. सगळे खडे चिऊच्या घरापुढे. गोष्ट पाठ होती ना! मग बाटलीच्या बुचाला पाच भोकं पाडलेली, त्यातून पेलाभर पाऊस, वीतभर उंचीवरून. काऊचं घर वाहिलंच नाही. पाणी वरून ओघळून गेलं, आत कापूस कोरडा. आणि चिऊचं घर उन्हानं एका बाजूला कललेलं, खाली फट पडलेली. तिथून पाणी शिरलं आणि चिऊच्या कापसाचा चिखल झाला.

वर्ग गप्प. अशा वेळी मोठ्या माणसाला मोह होतो, ‘अरे, चुकलं, पण गोष्टीत चिऊचंच घर टिकतं हं,’ असं म्हणून सगळं उचलून ठेवायचा. त्या ताईंनी तसं केलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘काय झालं असेल?’

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी काऊचं घर चाचपत म्हणाली, ‘ही तर गोवरी झालीय.’ तिच्या घरी पाण्याचा बंब गोवऱ्यांवर तापायचा. तिनं पुढे सांगितलं, आमची आजी गोवऱ्या भिंतीला थापते, वाळल्या की मग रचते. आणि तिच्या शेजारचा चार वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘काऊनं घर वाळवलंच नव्हतं. पाऊस लगेच आला.’

श्रोतेहो, गोष्टीत कुठेही न सांगितलेलं कारण त्या पोरानं शोधून काढलं! मग ताईंनी तीन घरं करून घेतली. एक त्याच सकाळचं, एक कालचं, एक तीन दिवस वाळलेलं. तिन्हींवर सारखाच पेलाभर पाऊस. आजचं घर काड्यांवरून निथळून गेलं. कालचं वरून मऊ पडलं, आतून राहिलं. तीन दिवसांचं जसंच्या तसं. मग मुलांनीच ते बादलीत बुडवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बादलीत नुसता काला होता. शेणात जनावराला न पचलेल्या चाऱ्याचे धागे असतात. वाळताना ते एकमेकांना धरून बसतात, मग पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. ओल्या शेणाला ती पकड नसते. मेण पाणी पीत नाही, पण उन्हात मऊ पडतं. यातलं एक वाक्यही ताईंनी मुलांना सांगितलं नाही. मुलांनी मेणाचं एक घर सावलीत आणि एक उन्हात ठेवलं, दुपारी जाऊन पाहिलं आणि त्यांनीच ठरवलं की उन्हाळ्यात चिऊनं काऊकडे राहायला जावं.

तेव्हा घरं मुद्दाम दोन्ही तऱ्हेनं करून बघा. गोष्टीप्रमाणे काऊचं घर वाहायला हवं असेल तर त्याच दिवशी बांधा, त्याच दिवशी भिजवा. पाणी दोन्हीकडे सारखं आणि खडा आधी ठेवायचा. परत सांगते, खडा आधी, पाणी नंतर. पाणी पडल्यावर सगळेच म्हणतात, मला माहीत होतं.

हातावर जखम असलेल्या मुलाला शेणात हात घालू देऊ नका. इतरांचे हात साबणानं, नखांसकट धुऊन घ्या आणि मगच खाऊ द्या. शहरात ताजं शेण मिळत नसेल तर काळी माती घ्या, तीही वाळल्यावर आणि ओली असताना अशीच वेगवेगळी वागते.

यात विकत काय आणलं? चार मेणबत्त्या. बालशिक्षणाचं मोठं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा जी मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली आणि खडे, पानं, शिंपले हेच साहित्य वापरलं. आज भिंतीवर छापील तक्ते लावतात तेही मोठ्यांच्या उंचीला, मुलांना दिसतच नाहीत. तक्ते मुलांच्या खांद्याच्या उंचीला आणा. आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘च’ गिरवून घेऊ नका. त्याची बोटं अजून तयार नसतात. शेण थापणं, माती मळणं, कार्ड उचलणं यातूनच ती तयार होतात. चित्र मात्र रोज काढू द्या आणि मूल त्याबद्दल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा. लिहिलेलं त्याला वाचून दाखवा.

परिसराची ओळख म्हणून खरी घरटी बघायला न्या. कावळ्याचं काटक्यांचं, उंच झाडावर. चिमणीचं वळचणीत किंवा भिंतीच्या भोकात, गवत-पिसांचं. शेण-मेण फक्त गोष्टीत असतं, हे मुलांना तिथे आपोआप कळतं. गाणं, टाळ्या, नाटक हे तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट मात्र जपून. आपल्याकडे कोल्हापूर भागात पुराच्या वेळी पंचगंगेचं पाणी घरात शिरतं. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांनी २०१९ आणि २०२१ ला काय पाहिलं, ते तुम्हाला माहीत आहे. पूर येणाऱ्या गावात ‘घर वाहून गेलं’ हे वाक्य काही मुलांना खेळ वाटत नाही. तिथे ही गोष्ट जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नका, दिवाळीनंतर घ्या. आणि चिऊ दार उघडते त्या जागी जास्त वेळ थांबा. काऊचं अंग पुसलं, गरम काय दिलं, कुठे झोपवलं, हे मुलांना विचारा. बरीच मुलं स्वतःच्या घरचं सांगू लागतात, कोण कुणाकडे राहायला गेलं होतं ते. सांगत असतील तर ऐका, थांबवू नका, त्या दिवशी प्रयोग राहिला तरी चालेल.

आजी-आजोबांनो, जवळच्या अंगणवाडीत ताईंना विचारून एक सकाळ ठरवा आणि तुमच्या घरी सांगतात तशी ही गोष्ट तिथे सांगून या. दहा मिनिटं पुरतात.

नमस्कार.