खांदेरीसमोर वारा पडला

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी होऊन पंधरवडा उलटला, तरी आमच्या इमारतीच्या आवारात पोरांनी केलेला किल्ला अजून उभा आहे. अळीव वाळून पिवळं पडलंय, एक बुरूज मांजरानं बसून बसून खचवलाय. पण महाराज सिंहासनावर आहेत आणि मातीचे मावळे आपापल्या पायरीवर. तोफेशी गोलंदाज, दरवाज्याशी भालदार, विहिरीशी घागर घेतलेली एक बाई. आज सकाळी घरातून निघताना त्या किल्ल्यापाशी मी जरा थांबलो आणि लहानपणची एक रुखरुख आठवली. चार दिवस चिखलात राबून आम्ही किल्ला उभा करायचो, मावळे जागेवर लागायचे, आणि मग? मग काहीच नाही. ते तसेच उभे. त्यांच्यावर कोणी चालून यायचं नाही, त्यांना कुठे जायचं नसायचं. "हात लावू नको, पडेल," एवढं एकच वाक्य तुळशीच्या लग्नापर्यंत कानावर यायचं.

आज मी मावळे हलताना पाहिले. त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचंय.

दादर पश्चिमेला एका शाळेच्या सभागृहात आजपासून दोन दिवस मिनिएचर वॉरगेमिंगचं संमेलन भरलंय. मराठीत आम्ही सरळ 'टेबलावरची लढाई' म्हणतो. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल घ्यायचं. त्यावर डोंगर, ओढे, वाडे, तटबंदी मांडायची. अठ्ठावीस मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई आपल्या हातांनी रंगवून दोन्ही बाजूंनी उभे करायचे. कोण किती चालू शकतो ते मोजपट्टीनं मोजायचं. बंदूक लागली की चुकली, माणसं टिकली की पळाली, हे फाशावर ठरतं. त्या फाशाला धरून एक नियमांची वही असते आणि वाद झालाच तर पंच असतो. पंधरा मिलिमीटरचे, सहा मिलिमीटरचेही शिपाई असतात. तेवढ्याच टेबलावर अख्खं सैन्य उतरवायचं असेल तर ते बरे पडतात.

साडेनऊला मी पोचलो तेव्हा सभागृहात टेबलं लागत होती. या खेळातली माणसं आपलं सैन्य कशाकशातून आणतात ते बघण्यासारखं असतं. कोणाकडे सुताराची हत्यारपेटी, कोणाकडे आत फोम चिकटवलेला मिठाईचा खोका, एका मुलीकडे चार कप्प्यांचा स्टीलचा जेवणाचा डबा, प्रत्येक कप्प्यात कापसात गुंडाळलेले घोडेस्वार. मी स्वतः माझी गलबतं घेऊन डोंबिवलीहून आलो होतो. डबा छातीशी धरून उभा होतो, तरी कुर्ल्याला चढलेल्या गर्दीत एकाची डोलकाठी मोडलीच. डोलकाठी म्हणजे उदबत्तीची काडी आणि शीड म्हणजे चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं मलमल. दोन रात्रींचं काम होतं ते. सभागृहात डबा उघडला आणि माझा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसानं काही न विचारता फेविक्विकची ट्यूब पुढे केली, आणि शाळेच्या शिपाईमामांनी देव्हाऱ्यातली उदबत्तीची विझलेली काडी आणून दिली. दहा वाजता उद्घाटनाचा नारळ फुटला, तेव्हा माझं गलबत पुन्हा शिडाचं झालेलं होतं.

हा खेळ आला कुठून, हे थोडक्यात सांगतो. मेजावर लढाई मांडायची कल्पना आपल्याला नवी नाही. चतुरंग आपलाच: हत्ती, घोडा, रथ, पायदळ. पण बुद्धिबळात सगळं उघड असतं, घोडा कधी बिथरत नाही आणि प्यादं कधी घाबरत नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या एका राज्याच्या, सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं जो खेळ छापला त्यानं नेमकं हेच बदललं. चौकटींच्या पटाऐवजी खराखुरा नकाशा, फासे, आणि मध्ये पंच. शत्रूची तुकडी तुम्हाला दिसते की नाही हे पंच ठरवणार. तुमचा हुकूम पोचायला वेळ लागणार. पुढे १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले आणि खेळ छावणीतून घरात आला. त्यांच्या लढाईत स्प्रिंगच्या छोट्या तोफेनं शिपाई खरोखर आडवे करायचे. आजची तरुण मंडळी मात्र बहुतेक 'वॉरहॅमर ४०,०००' या १९८७ सालच्या खेळाच्या वाटेनं येतात. त्यात दूरच्या भविष्यातली अंतराळातली युद्धं आहेत. आजही सभागृहातली निम्मी टेबलं तीच होती, आणि त्यांचं रंगकाम बघताना डोळे निवत होते.

पण मी दिवसभर अडकलो तो खांदेरीच्या टेबलाशी.

खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोरचं बेट. गेल्याच वर्षी नाही का, म्हणजे २०२५ च्या जुलैत, मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्या बारांत खांदेरी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तट बांधायला घेतला. मुंबई तेव्हा इंग्रजांच्या कंपनीकडे होती. आपल्या दारात मराठ्यांचा जलदुर्ग उभा राहतोय हे त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. बेटावर महाराजांच्या आरमारातले सरदार मायनाक भंडारी आपल्या माणसांनिशी दगड रचत होते, आणि आरमार घेऊन मदतीला आला दौलतखान. ऑक्टोबरात समोरासमोर गाठ पडली. इंग्रजांची 'डोव्ह' नावाची गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज' हे त्यांचं मोठं लढाऊ जहाज मात्र जवळजवळ एकटं झुंजत राहिलं, हेही सांगितलं पाहिजे. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी बोलणी करून हात आवरता घेतला. खांदेरी मराठ्यांची राहिली.

हे मी शाळेत वाचलं होतं. चार ओळी होत्या. त्या चार ओळींत वारा नव्हता.

टेबलावर वारा होता. निळ्या रंगवलेल्या पाटावर मधोमध बेट, एका कडेला थळचा किनारा. इंग्रजांची शिडाची उंच जहाजं, मराठ्यांच्या गुराबा, वल्ह्यांची गलबतं आणि दगड, चुना, पाणी, धान्य वाहणारे मचवे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वाऱ्याचा एक फासा. एक मचवा बेटाला लागला की कॉर्कचा एक तुकडा तटावर चढायचा. बारा तुकडे चढले की तट पुरा. मराठ्यांना 'रिव्हेंज' बुडवायची नव्हतीच. त्यांना दगड पोचवायचे होते.

मराठ्यांच्या बाजूनं बसली होती सातवीतली एक मुलगी. आईबरोबर सहज बघायला आली होती, खेळणारा एक भिडू उशिरा यायचा होता म्हणून तिला बसवलं. समोर कॉलेजातले दोन मुलगे, दोघंही मुरलेले. पहिल्या तीन फेऱ्या वारा भरपूर. तिचे दोन मचवे गेले. मी मागे उभा होतो, मला वाटलं ही आता रागानं गलबतं पुढे घालणार. आपण सगळे तेच करतो. तिनं ती थळच्या उथळ पाण्यात मागे ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "मला काही करायचं नाही," म्हणाली. आणखी एक फेरी गेली. पाचव्या फेरीत वाऱ्याचा फासा पडला: एक.

वारा पडला. इंग्रजांची मोठी जहाजं होती तिथे थिजली. मोजपट्टी लावायचं कारणच उरलं नाही. आणि वल्ह्यांच्या गलबतांना वाऱ्याशी काय देणंघेणं! ती सगळी एकदम निघाली, तोफा असलेल्या बाजूंना टाळून, जहाजांच्या पिछाडीकडून. त्यांच्या आडून मचवे. श्रोतेहो, लहान होड्यांचं आरमार मोठ्या जहाजांना कसं पुरून उरलं, हे मी आयुष्यभर 'शौर्य' या एका शब्दात ऐकलं होतं. शौर्य होतंच. पण त्या शौर्याच्या पोटात वारा कधी पडतो याची वाट बघण्याचा केवढा धीर होता, पाणी कुठे किती खोल याची जाण होती, आणि रात्रीच्या काळोखात दगड वाहणारी कितीतरी माणसं होती, हे मला आज एका बारा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर ठेवलेल्या हातांमुळे कळलं.

पुढे तिनंच पंचांना विचारलं, "काका, ही फेरी रात्रीची आहे ना? मग ते मला बघणार कसे?" पंच होते गिरगावातले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी वही चाळली, नियम सापडेना. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. रात्री वीतभर अंतरापलीकडचं दिसणार नाही. दोघांनाही." दोन्ही मुलग्यांनी एका शब्दानं हुज्जत घातली नाही, उलट एकानं तो नियम पेन्सिलीनं वहीत लिहून घेतला. चांगला पंच काय असतो ते प्रशियाच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा असं बघावं.

आता थोडं रंगकामाबद्दल, कारण संमेलनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच कोपऱ्यात होती. शिवकाळातले मराठे शिपाई या मापात सहजासहजी बाजारात मिळत नाहीत. मग मुलं काय करतात? भलत्याच देशाचा, भलत्याच काळाचा शिपाई घेतात, त्याची टोपी ब्लेडनं तासतात आणि एम-सीलची बारीक वळी करून टाचणीच्या टोकानं त्याला पगडी बांधतात. एकेक पीळ दिसला पाहिजे. परदेशी रंगाच्या बाटलीवर त्वचेचा म्हणून जो रंग असतो तो आपल्या माणसाला चालत नाही. तपकिरीत थोडा पिवळा, थोडा लाल घालून आपला रंग आपण करावा लागतो. पावसाळ्यात तर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, फवारा मारायचीही सोय नसते, दमट हवेत तो पिठासारखा बसतो. म्हणून मुंबईचे रंगारी दसऱ्याची वाट बघतात. गवत म्हणजे हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा. खडकाला झाडाची साल. रंगाचे ब्रश आणि बाकी किडुकमिडुक क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून.

एक तक्रारही करतो. हा छंद महाग आहे. बाहेरून मागवलेला शिपायांचा खोका कॉलेजातल्या मुलाच्या खिशाला झेपत नाही आणि तो नसेल तर आपण या खेळातले नाही असं मुलांना वाटायला लागतं. ते खरं नाही. आज एका टेबलावर नुसत्या बटणांची आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांची उंबरखिंड मांडली होती. २ फेब्रुवारी १६६१, मुघल सरदार कारतलबखानाची फौज खिंडीत अडकली ती लढाई. खिंड पुठ्ठ्याच्या खोक्याची, फौज बटणांची, आणि तरीही खानाच्या बाजूनं खेळणाऱ्याला घाम फुटला होता. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

एका आजोबांनी आयोजकांना मोठा प्रश्न विचारला. "महाराजांची लढाई फाशावर लावायची हे बरोबर आहे का? आणि फासा उलटा पडला तर?" प्रश्न टाळला गेला नाही याचं मला बरं वाटलं. आयोजकांनी एक शिस्त ठेवली आहे: महाराजांची मूर्ती कुठल्याच टेबलावर फाशाच्या आहारी जात नाही. बाकी लढाई मात्र हरता आलीच पाहिजे. माझंही मत तेच आहे. पानिपताच्या टेबलावर मी अर्धा तास उभा होतो. भाऊंच्या बाजूच्या भिडूला आक्रमणाआधी उपाशी सैन्याचा तोटा सोसावा लागतो, प्रत्येक तुकडीला, एकही सुटत नाही. १४ जानेवारी १७६१ ला काय वाटलं असेल ते त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जिंकायची खात्री असती तर ते दिसलं नसतं.

उद्या रविवार. सकाळी दहापासून सभागृह उघडं आहे, मुलांना घेऊन या. न रंगवलेला एक शिपाई आणि ब्रश तिथे हातात देतात, रंगवून घरी न्यायचा.

आज संध्याकाळी आवराआवर चालली होती, तेव्हाची गोष्ट सांगून थांबतो. पहिलीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. हातात त्याच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा, भाला हरवलेला, नाकावरचा रंग गेलेला. त्याला तो खांदेरीवर ठेवायचा होता. बेट टीचभर आणि मावळा चार बोटं उंच. होड्या त्याच्या पावलाएवढ्या. कोणी हसलं नाही. गिरगावच्या त्या गुरुजींनी कॉर्कच्या तटामागे जागा केली, मावळा उभा केला, हलत नाही ना ते पाहिलं, आणि चष्मा लावून वहीत दुपारच्या नियमाखाली नवा नियम लिहिला. मी वाकून वाचला. 'बेटावर टेहळ्या उभा आहे तोवर मराठ्यांना रात्रीही दोन विती दिसतं.'

मुलानं विचारलं, "उद्या असेल ना तो इथे?"

"पहिली फेरी त्याचीच," गुरुजी म्हणाले.