३५५ म्हणजे हेर नव्हे! टॅलमॅजचं कोडबुक नीट वाचूया

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये पुन्हा तेच: "एजंट ३५५ वर कधी बोलणार?" अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनसाठी काम करणारी गूढ बाई-हेर, असं या आकड्याबद्दल सांगितलं जातं. आज बोलतो. आधी हा आकडा ज्याच्या कोडबुकात आहे तो माणूस कोण, ते पटकन उरकू.

बेंजामिन टॅलमॅज. जन्म १७५४, लाँग आयलंडवरचं सेटॉकेट. १७७३ला येल कॉलेजातून बाहेर पडला, मग कनेक्टिकटमध्ये वेदर्सफील्डला शाळामास्तर. १७७६ला वॉशिंग्टनच्या सैन्यात, पुढे घोडदळात मेजर. युद्धानंतर लिचफील्डला व्यापार आणि १८०१ ते १८१७ काँग्रेसमध्ये खासदार. आपली काँग्रेस नव्हे, अमेरिकेची. झालं चरित्र.

आता खरा मुद्दा. वॉशिंग्टनसाठी न्यूयॉर्कमधली कल्पर टोळी, म्हणजे 'कल्पर' या टोपणनावाने काम करणारे हेर, हाच सांभाळायचा. २ जुलै १७७९ला ब्रिटिशांनी त्याच्या तळावर छापा घातला. घोडा गेला आणि कागदपत्रंही. त्यात वॉशिंग्टनचं एक पत्र होतं आणि त्यात जॉर्ज हिगडे या न्यूयॉर्कमधल्या माणसाचं नाव सरळ अक्षरांत. हिगडे पकडला गेला. नाव उघड लिहिलं की असं होतं.

त्याच वर्षी टॅलमॅजने कोडबुक, म्हणजे शब्दांऐवजी आकड्यांची यादी, केलं. पद्धत अगदी मास्तराची: शब्दकोश उघडायचा, ७१० शब्द उचलायचे, प्रत्येकाला आकडा द्यायचा. ७११ ते ७६३ माणसं आणि ठिकाणं. ७११ वॉशिंग्टन, ७२१ तो स्वतः, ७२२ आणि ७२३ थोरला नि धाकटा असे दोघे कल्पर, ७२७ न्यूयॉर्क. ही रेघ डोक्यात ठेवा: ७१० पर्यंत शब्द, पुढे नावं.

मग ३५५ कुठे पडतो? शब्दांत. अर्थ 'लेडी', म्हणजे बाई.

नाही पटत? मग वाक्य बघा. १५ ऑगस्ट १७७९च्या पत्रात थोरला कल्पर, म्हणजे अब्राहम वुडहल, म्हणतो की ओळखीतल्या 'एका ३५५'च्या मदतीने सगळ्यांना चकवता येईल. टोपणनावाआधी 'एक' कशाला लागेल? "एका वॉशिंग्टनला भेटलो" असं कुणी म्हणतं का?

तरीही नाही? त्याच पत्रात ३५६ आहे, 'पत्र' या अर्थाने. एजंट ३५६वर कुणी मालिका काढलेली नाही. बाई होती, मदत करणार होती, एवढं पत्रात आहे. बाकीचा मसाला आपला.

यादीत नसलेला शब्द आला तर? अक्षरं बदलायची. याच पत्रात टोळीचा निरोप्या जोनास हॉकिन्स आहे. 'जोनास'चं स्पेलिंग जे-ओ-एन-ए-एस, ते झालं डी-क्यू-पी-ई-यू. 'ए'पासून 'जे'पर्यंतची दहा अक्षरं आपसातच फिरतात, चार घरं पुढे. शेवटी पोचलं की पुन्हा सुरुवातीला. 'के' ते 'आर' ही आठ वेगळी, 'एस' ते 'झेड' ही आठ वेगळी; ही शेवटची आठ दोन घरं पुढे.

गोम इथेच आहे. अक्षर आपला गट सोडत नाही, त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याचं काम निम्मं होतं. दुसरी गोम शब्दांच्या यादीत: आकडे आद्याक्षराच्या क्रमाने चढत जातात. ३५६ म्हणजे 'लेटर' हे एकदा कळलं, की शेजारचा ३५५सुद्धा 'एल'चाच असणार, हे कुणीही ताडेल. क्रम विस्कटून आकडे वाटले असते तर ही वाट बंद झाली असती. पण मग शोधायला दुसरी, आकड्यावरून शब्द सांगणारी उलटी यादी लागली असती आणि लपवायला आणखी एक कागद.