पत्ता: सध्या तेर

(दृश्य: सकाळ. कडुलिंबाखाली उभी पांढरी ट्रॅव्हलर. दोरीवर ओले कपडे.)

आज सोमवार. राज्यातली बहुतेक शासकीय वस्तुसंग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार हा काकूंचा धुण्याचा वार. गाडीच्या कॅरियरपासून कडुलिंबापर्यंत दोरी बांधलीय. दोन साड्या, तीन बंड्या, एक टॉवेल, एक पायजमा. बाकीचे कपडे अंगावर.

गाव तेर, जिल्हा धाराशिव. तेरणेच्या काठचं, संत गोरोबाकाकांचं गाव. आमचे काका वेगळे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून. काकांचं पेन्शन सांगण्याजोगं नाही, काकूंचं आहे. हे दोघंही हसत सांगतात. काका जरा जास्तच हसतात. चिंचवडचा फ्लॅट भाड्याने दिलाय, त्या भाड्यात डिझेल निघतं.

गाडी म्हणजे सतरा सीटची जुनी ट्रॅव्हलर. काकांनी सीटं काढून आत दोन बाकं केली, रात्री ती जोडली की पलंग. आरटीओत बदलाची रीतसर नोंद केली. टपावर सोलर पॅनल, ओट्याखाली गॅस, शंभर लिटरची टाकी, मागे इवलीशी मोरी. शंभर लिटर पाणी पुष्कळ वाटतं. न्हायच्या दिवशी कळतं किती ते. कॅरॅव्हॅन पर्यटनाचं सरकारी धोरण २०२१मध्ये आलं, पण या दोघांचं अजून देवळांच्या भक्तनिवासांवर आणि ओळखीच्या पेट्रोल पंपांवरच भागतं. मोटरहोम हा शब्द दोघांच्या तोंडी नाही. नातवंडं म्हणतात, आजीची एसटी.

(दृश्य: धावती गाडी, आतून. ताटाळ्यात वाजणारी भांडी.)

निवृत्त माणसं देवदर्शनाला निघतात, त्यात नवल नाही. हे दोघं मात्र गावोगावची वस्तुसंग्रहालयं बघत हिंडतात. तीही मुंबईतली मोठी नव्हेत, तालुक्याची. जिथे शिपाई तुमच्या पुढे चालत एकेका खोलीतला दिवा लावतो आणि मागच्या खोलीतला विझवतो.

याची सुरुवात पुण्यातच झाली. फ्लॅट रिकामा करताना काकूंनी सासूबाईंची सगळी पितळ मोडीत दिली होती. वजन केलं, पैसे घेतले, मोकळ्या झाल्या. मग निघायच्या आधी एकदा म्हणून दोघं राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. इतकी वर्षं जवळ राहून पाहिलं नव्हतं. तिथे काचेमागे ओळीने मांडलेल्या वज्री. टाचा घासायच्या वज्री! कुणावर पक्षी, कुणावर नक्षी.

काकू थांबल्या. म्हणाल्या, "अहो, ही आपलीच."

"आपली नव्हे गं. आपली भंगारात गेली."

"तेच म्हणतेय."

ज्यांनी हे जमवलं ते दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव आहे. अडकित्ते, दिवे, दारं, कंगवे. लोकांनी अडगळीत टाकलेलं हा माणूस वाड्यावाड्यांतून मागून आणत राहिला. काकूंनी त्या दिवशी वही घातली. तिच्यात त्या फक्त दोन गोष्टी लिहितात: काय पाहिलं, आणि ते कुणी जमवलं.

दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळतं आणि बहुतेक वेळा ते एकाच माणसाचं नाव असतं.

(दृश्य: औंध. यमाईच्या डोंगराची चढण.)

औंधला ते नाव संस्थानच्या राजाचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारलं. स्वतः चित्रकार माणूस. काकूंनी शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. त्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला हाच राजा. आत राजा रविवर्म्याची चित्रं, आणि सातारा जिल्ह्यातल्या या डोंगरावर, हो, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं 'आई आणि मूल'. काका त्या शिल्पाभोवती दोनदा फिरले. त्यांना ते पटलं नाही. "मूल कुठाय?" काकूंनी बोट दाखवलं. काका तिसऱ्यांदा फिरले.

कोल्हापूर, कणेरी, पुन्हा कोल्हापूर. तिथे क्लच प्लेटचं काम निघालं, चार दिवस गेले. मग पैठण. आणि पैठणहून तेर.

हा रस्ता जरा थांबून सांगण्यासारखा आहे.

(दृश्य: गाडीच्या काचेतून रस्ता, ज्वारीची रानं.)

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याची नोंद आहे. नाव कुणाला ठाऊक नाही. त्याचं लिखाण 'पेरिप्लस' म्हणून ओळखलं जातं. तो सांगतो, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं शहर आहे. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेतात. तगर म्हणजे हे तेर.

आमच्या गाडीला अर्धा दिवस लागला. काकूंनी काकांना ही नोंद वाचून दाखवली तेव्हा काकांना मलमलीचं काही वाटलं नाही.

"दहा दिवस, रस्ता नाही, पाट्याची स्प्रिंग नाही. किती आस मोडले असतील! आणि ब्रेकडाउन झालं तर डेपो कुठला?"

मग बराच वेळ गप्प बसून चालवत राहिले. येडशीच्या आसपास म्हणाले, "भडोचपर्यंत म्हणजे कमालच केली."

(दृश्य: मंगळवार. संग्रहालयाचं दार उघडतं.)

तेरचं नाव रामलिंगप्पा लामतुरे. गावातलेच. इथे पांढरीची टेकाडं आहेत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे ढीग. पावसाळा झाला की त्यातून मणी, नाणी, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. जे पोरांच्या खेळात गेलं असतं, ते लामतुऱ्यांनी आयुष्यभर वेचलं. तो संग्रह पुढे सरकारकडे गेला. संग्रहालय आज त्यांच्याच नावाचं आहे.

काकू एका काचेपुढे उभ्या आहेत. आत हस्तिदंताची एक स्त्री, उंची वीतभरही नाही. अशीच हस्तिदंती स्त्री १९३८मध्ये इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच भारतातून तिकडे, समुद्रापार, पोचलेली. पॉम्पेईची मूर्ती तेरलाच घडली की नाही यावर विद्वान वाद घालोत. काकू तिचा अंबाडा बघतायत. मातीचे दिवे आणि पांढऱ्या मातीच्या बाहुल्या बघून काका म्हणतात, "गोरोबाकाकांच्या आधीही इथे कुंभार पक्केच होते."

दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही. तारीख, नाव, पत्ता, अभिप्राय. पहिल्या वर्षी काकू पत्त्याच्या रकान्यात चिंचवड लिहायच्या. मग भाडेकरू आले, तिथे लिहायला संकोच वाटायला लागला. लेकीचा पत्ता लिहून पाहिला, तोही पटला नाही. आज त्या पेन धरून जरा थांबतात आणि लिहितात: सध्या तेर.

शिपाईबुवा वही आपल्याकडे फिरवून वाचतात. चष्मा वर करतात.

"तेरात कुणाकडं उतरलाव?"

काका खिडकीतून कडुलिंबाकडे बोट दाखवतात. दोरीवर कालचा पायजमा अजून वाळतोय.