बघून न बघितल्यासारखं

हा जिना बघा. बल्ब कधी गेला ते कुणालाच आठवत नाही, प्रत्येक जण मोबाईलचा टॉर्च लावून वर चढतो आणि दार लावलं की विसरतो. खाली नळ ठिबकतोय. तोटीला चिंधी बांधलीये, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, पण वायसर बदलायचं राहूनच गेलं. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला काही लिटर पाणी जातं.

आणि वरच्या मजल्यावर हे आजोबा. चष्म्याची काडी तुटलीये, दोरा गुंडाळून भागवलंय, वाचताना चष्मा एका बाजूला घसरतो आणि ते एका हाताने धरून बसतात. घरात सगळ्यांना दिसतं. वाईट कुणीच नाही हो त्या घरात, "बाबा, रविवारी नक्की जाऊ" असं मनापासून म्हणतात, आणि रविवार येऊन जातो.

अशा वेळी आपण लगेच म्हणतो, संस्कारच राहिले नाहीत. पण संस्कार म्हणजे चांगलं काय ते माहीत असणं एवढंच असेल तर ते आहेत की सगळ्यांकडे! अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना भाषण द्यायचं होतं ते रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवर, आणि वाटेत मुद्दाम एक माणूस कण्हत, खोकत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना "उशीर झालाय, पळा" सांगितलं होतं त्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला यानं फारसा फरकच पडला नाही.

म्हणजे तोंडपाठ सगळं असतं, थांबणं तेवढं जमत नाही.

दुसरं म्हणजे हे दुर्लक्ष पसरतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये संशोधकांनी पार्क केलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले, शेजारची भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, भिंत रंगाने खरडून ठेवल्यावर ६९ टक्क्यांनी! २००८ सालचा हा अभ्यास. माणसं साधारण तशीच, सायकली तिथेच, फक्त समोर दिसत होतं की इथे कुणाला काही पडलेलं नाही. या जिन्यात राहणारी पोरं रोज हेच बघत मोठी होतायत, त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

पण समाज पार मेलाय असंही मला म्हणायचं नाही. २०१९ मध्ये तीन देशांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज तपासलं तेव्हा दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. म्हणजे आरडाओरडा झाला की अजून धावतात लोक. आजोबांच्या चष्म्याचा आवाज होत नाही, नळाचाही नाही, त्यामुळे "आत्ता लगेच" असं कधी वाटतच नाही, आणि घरातल्या, जिन्यातल्या प्रत्येकाला खात्री असते की दुसरं कुणीतरी बघेल. आम्ही कॅमेरा लावून इथे उभे होतो तेव्हा चार-पाच जण थांबून म्हणाले, हो हो, ते बल्बचं सांगायचंय कुणालातरी.