कोंडलेला द्रव

(दृश्य: फुंकनळीच्या टोकाशी लालभडक गोळा)

हा काचेचा गोळा लोंबतोय, वळतोय, फुंकर घातली की फुगतोय. आता जरा निवू द्या. द्रव नेमका कधी संपला आणि घन कधी सुरू झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. पाण्याचा बर्फ होताना रेणू शिस्तीत रांगा लावतात. इथे रांग लागतच नाही. जो तो जिथे होता तिथेच, गर्दीत अडकतो.

(दृश्य: नरसाळं, खाली लोंबणारा काळा थेंब)

हे पिच, डांबराचं भावंड. हातोडी मारली तर ठिकऱ्या उडतात. भौतिकशास्त्रज्ञ थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ते तापवून नरसाळ्यात ओतलं, १९३० साली नरसाळ्याचं टोक कापलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत थेंब पडले नऊ.

गर्दीत एकाला सरकायचं तर शेजाऱ्याने सरकायला हवं, त्या शेजाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याने वाट द्यायला हवी. ॲडम आणि गिब्स या शास्त्रज्ञांनी १९६५ साली हेच मांडलं: द्रव थंड होत जातो तसा एकत्र हलावं लागणाऱ्या रेणूंचा घोळका वाढत जातो. घोळका केवढा? तो मावणार नाही अशा जागेत द्रव कोंडून बघायचं.

(दृश्य: पांढुरका, अर्धपारदर्शक तुकडा चिमट्यात)

त्यासाठी भांडं हवं, आणि ते काचेचंच आहे. बोरॉन आणि सोडियम असलेली सिलिका काच बराच वेळ तापवून ठेवली की आतल्या आत तिचे दोन भाग होतात, एकमेकांत गुंतलेले. बोरॉनवाला भाग आम्लात विरघळतो. मागे उरते सिलिकाची जाळी. नुसत्या डोळ्यांना तुकडा अखंडच दिसतो. आतली छिद्रं मात्र काही नॅनोमीटरची.

त्या छिद्रांच्या भिंतींना हवेतलं पाणी लगेच चिकटतं. म्हणून तुकडा निर्वातात तापवून सुकवायचा. मग द्रवाचा थेंब टेकवायचा, तो आपोआप आत शोषला जातो. आता हे बघा, हा टिपकागद. बाहेर राहिलेला द्रव पुसायलाच हवा, नाहीतर आलेखात मोकळा द्रवच आपलं गाणं गात बसतो. शोधनिबंधात या सगळ्या खटाटोपाला एक ओळ मिळते. आमच्या कॅमेऱ्याने मात्र सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला.

(दृश्य: ॲल्युमिनियमची इवलीशी वाटी, झाकण दाबलं जातंय, पडद्यावर रेष)

तापमान बदलताना वाटीतला द्रव किती उष्णता घेतो-देतो, त्याची ही रेष. तिच्यातली ही पायरी म्हणजे काचावस्था, द्रवाची काच होते ती जागा. ऑर्थो-टरफिनाइल हा सेंद्रिय पदार्थ वितळवला, की मोकळा असताना उणे २७ अंश सेल्सिअसच्या आसपास काच होतो. १९९१ साली जॅक्सन आणि मॅकेना या संशोधकांनी तो ८.५ नॅनोमीटरच्या छिद्रांत भरला. रुंदीत जेमतेम डझनभर रेणू मावतील एवढी जागा. पायरी सुमारे १८ अंशांनी खाली गेली. कोंडलेला द्रव जास्त थंडीतही वाहता राहिला!

मग घोळक्याचं माप सापडलं म्हणायचं? इतकं सरळ नाही. द्रव निवताना आकसतो, पण भिंतीला धरून असेल तर ताणला जातो, आणि नुसत्या ताणानेही पायरी घसरू शकते. भिंतीची पकड घट्ट असेल तर उलटंच होतं, लगतचे रेणू आणखी मंदावतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली थरथरणारे गोल कण)

रेणू कॅमेऱ्यात येत नाहीत, म्हणून हे प्लॅस्टिकचे कण, दोनेक मायक्रोमीटरचे. पाचरीसारख्या फटीत भरलेत. रुंद बाजूला चुळबुळ चाललीय. अरुंद बाजूला बघा, भिंतीलगत थर लागलेत आणि हालचाल मंदावलीय. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात २००७ साली असंच दिसलं होतं.

औषधं स्फटिक न बनता राहावीत म्हणून ती अशा सच्छिद्र सिलिकात भरून बघतात, तिथे हे ज्ञान कामी येतं.

(दृश्य: द्रव नायट्रोजनची वाफ)

त्याच जातीचा दुसरा तुकडा. छिद्रं तेवढीच, पण भिंतींना आता सिलेन या रसायनाचा लेप आहे, पकड सैल करणारा. द्रवही तोच. वाटीचं झाकण बसलं. पारा उतरायला लागलाय.