पुदिन्याला खोली नको, रुंदी हवी

(नाशिकमध्ये घरच्या घरी भाजीपाला करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नर्सरीतून आणलेलं पुदिन्याचं रोप दोन-तीन महिन्यांत का मरगळतं, हा प्रश्न मला गंगापूर रोडच्या बंगल्यातही विचारतात आणि सिडकोतल्या छोट्या फ्लॅटमध्येही. बहुतेक ठिकाणी कारण एकच सापडतं. आपण त्याला गुलाबाची कुंडी देतो. उंच, निमुळती, भरपूर खोल. पुदिन्याला खाली जाण्यात रस नाही, त्याला आडवं पळायचं असतं. मातीलगत त्याची खोडं सरपटत निघतात, प्रत्येक पेरापाशी मुळ्या सोडतात आणि तिथूनच नवा कोंब वर काढतात. अरुंद कुंडीत ही खोडं काठाला आपटून गोल गोल फिरत राहतात. मधला भाग जून होतो, पानं बारीक पडतात, आणि मग घरात ठरतं की आमच्या हाताला पुदिना लागत नाही!

तेव्हा भांडं पसरट घ्या. सहा ते आठ इंच माती पुरते, रुंदी मात्र जेवढी देता येईल तेवढी द्या. आपल्याकडे टोमॅटोचे जुने क्रेट सहज मिळतात. आतून गोणपाट किंवा शेडनेटचा तुकडा लावला की झालं. नुसती काळी माती भरू नका. पावसात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात या वरवरच्या मुळ्या तुटतात. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, एवढं साधं मिश्रण चालतं. बंगलेवाल्यांना एक विनंती: मोकळ्या वाफ्यात सोडू नका. वर्षभरात कोथिंबिरीला जागा उरणार नाही.

बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नका. पुदिन्याच्या जातींचा आपापसांत संकर फार सहज होतो, त्यामुळे बियांतून काय उगवेल याचा भरवसा नसतो. पेपरमिंट तर स्वतःच संकर आहे आणि वांझ आहे, त्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. मग ‘पेपरमिंटचं बी’ म्हणून विकतात ते काय, हे विकणाऱ्यालाच विचारा.

त्यापेक्षा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून ताजी जुडी आणा. जाडसर, न चिरडलेल्या काड्या निवडा. पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं काढून टाका आणि काड्या पाण्यात उभ्या करा. पाणी दिवसाआड बदला. साधारण आठ-दहा दिवसांत पांढऱ्या मुळ्या दिसतात. त्या इंच-दीड इंच झाल्या की लगेच मातीत लावा, फार दिवस पाण्यात ठेवू नका.

आता कापणी. इथे निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबागायतदार मंडळी बसली आहेत. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे वेलीची जोरदार छाटणी, करताना त्यांचा हात थरथरत नाही, आणि घरी पुदिना मात्र एकेक पान खुडून नेतात. पानं खुडली की उघडी काडी उरते. कात्री घ्या आणि मातीच्या वर दोन पेरं ठेवून काडीच कापा. कापलेल्या जागेखालच्या पेरातून दोन फुटवे निघतात. वापर नसला तरी महिन्यातून एकदा सगळी कुंडी कापावी. फुलोरा येण्याची चिन्हं दिसली तर त्याआधीच, कारण मग पानांचा जोर कमी होतो.

थंडीत वाढ मंदावते, पानं जांभळट दिसतात, घाबरू नका. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत कुंडी ओतून काढा, जून गड्डा टाका, कोवळी धावती खोडं नव्या मातीत आडवी पुरा. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथा नावाचा पुदिन्याचाच भाईबंद शेतात घेतात, त्याची लागवडही याच सुमारास होते. त्याचं तेल ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेबरोबर उडवून आणि ती वाफ थंड करून, काढतात, त्यातून मेंथॉल निघतं. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या गॅलरीतून कुंडी हलवा. सकाळचं चार तास ऊन भरपूर झालं. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. सगळं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

थोडं वासाबद्दल, कारण वापराचं सगळं गणित त्यात आहे. घरच्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्वोन या द्रव्याचा. गंमत अशी, की बाळंतशोपातही कार्वोनच असतं, फक्त रेणू आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा. आपलं नाक हा फरक अचूक ओळखतं. पेपरमिंटमध्ये आणि मेंथ्यात जोर मेंथॉलचा. मेंथॉल काही थंड करत नाही. थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंवरचं एक प्रथिन ते चेतवतं आणि मेंदूला गारवा वाटतो. ते प्रथिन २००२ मध्ये सापडलं. शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्यूलियस यांना उष्णता आणि स्पर्श कसे जाणवतात यावरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणून पुदिन्याचं सरबत पिऊन शरीराचं तापमान उतरेल ही आशा सोडा. सरबत मात्र जरूर प्या.

हे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. पान चुरडलं की बाहेर येतं, उकळलं की उडून जातं. चहात पुदिना गॅस बंद केल्यावर टाकून झाकण ठेवावं. बिर्याणीत तो थरांमध्ये घालून दम देतात, त्यालाही झाकणाचाच आधार. मठ्ठ्यासाठी मिक्सर नको. खलबत्त्यात पुदिना, हिरवी मिरची, मीठ आणि इवलंसं आलं ठेचा, ताकात मिसळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं स्वस्त असतात, त्यांच्या रसात पाच-सहा पानं ठेचून काळं मीठ घाला. माझ्या मते नाशिककरांनी पाहुण्यांपुढे कोल्ड्रिंकऐवजी हेच ठेवावं.

चटणी काळी का पडते, हे हमखास विचारतात. पान चिरलं की त्यातलं एंझाइम हवेशी भेटतं आणि रंग जातो. मिक्सरची उष्णता त्यात भर घालते. लिंबू सुरुवातीलाच पिळा, पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे टाका, मिक्सर थांबत थांबत फिरवा. पुदिन्याच्या दुप्पट कोथिंबीर घ्या, नुसता पुदिना कडसर लागतो. चमचाभर डाळं घातलं की चटणीला पाणी सुटत नाही. देठं फक्त कोथिंबिरीची घाला.

जास्त झालेला पुदिना सावलीत वाळवा, उन्हात काळा पडतो. हाताने चुरून बरणीत भरा, काकडीच्या कोशिंबिरीवर छान लागतो.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: पित्तावर पुदिन्याचा अर्क घ्यावा का? पोटातल्या मुरड्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा काहींना उपयोग होतो, कारण ते आतड्याचे स्नायू सैल करतं. पण अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडपही ते सैल करतं, म्हणून ज्यांना आंबट पाणी वर येतं, छातीत जळजळतं, त्यांचा त्रास वाढू शकतो. चटणीचा चमचा वेगळा आणि अर्काची बाटली वेगळी. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा चेहऱ्यावर मेंथॉलचं तेल, बाम काहीही लावू नका. त्याने श्वास अडकू शकतो. सर्दी झाली असेल तर बाळाला डॉक्टरांना दाखवा.